गोफणीचा हात

खेळ या प्रकाराशी माझा कधी संबंध आला नव्हता. माझे वडील मुदखेडच्या जंक्शनवर सांधेवाले. रेल्वेच्या चाळीत बॉल म्हणजे शेजारच्या पोरांनी आमच्या पत्र्यावर टाकलेली कटकट, एवढंच मला ठाऊक. तो बॉल मी परत देत नसे. चुलीत घालीन म्हणायचे. असली बाई पुढं पोरींच्या सॉफ्टबॉलमागं एसटीतून धूळ खात फिरली आणि एका पोरीसाठी भर मैदानात पंचाच्या अंगावर धावून गेली, हे आमच्या आईला मरेपर्यंत खरं वाटलं नाही.

त्याचं असं झालं. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा नांदेडच्या हापिसातून आम्हा काही जणांना उचलून तिकडं टाकलं. नवी विटी, नवं राज्य. साहेब नवे, शिक्के नवे, हापिस एका भाड्याच्या घरात. नळ तेवढा जुना, आठवड्यातून एकदा करंगळीएवढा येणारा. पाऊस त्या वर्षी निम्म्यावरच थांबला होता. मी तिशी ओलांडलेली, बिनलग्नाची, तोंडानं फटकळ. खोलीची मालकीण सोडली तर गावात माझ्याशी कुणी दोन शब्द जास्त बोलत नव्हतं, आणि माझी त्याबद्दल तक्रारही नव्हती.

एके दिवशी गळ्यात शिट्टी अडकवलेला एक किडकिडीत माणूस माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. एका शाळेवर खेळाचे मास्तर होते. सगळे त्यांना सर म्हणायचे, मीही सरच म्हणते.

"मॅडम, जिल्हा झाला म्हणजे आता जिल्ह्याचा संघ पाहिजे. मुलींचा, सॉफ्टबॉलचा. मुली जमल्यात. पण बरोबर बाईमाणूस असल्याशिवाय आईबाप परगावी पाठवत न्हाईत."

"मग शाळेत बाया नाहीत का?"

"हायेत. पण समद्यांची लेकरं लहान हायेत."

"म्हणजे माझं लग्न झालं नाही, म्हणून मी मोकाट. असंच ना?"

सर खाली बघत शिट्टी चाचपत राहिले. मी त्यांना हाकलून दिलं. दुसऱ्या दिवशी ते परत आले. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा साहेबांची चिठ्ठी घेऊनच आले, मग काय करता! शनिवारी दुपारी छत्री घेऊन मी त्या शाळेच्या मैदानावर गेले. अर्धा तास बसून नाही म्हणून सांगायचं, असं ठरवून गेले होते.

मैदानावर फक्कीनं पतंगासारखा चौकोन आखला होता. चार कोपऱ्यांवर बेस म्हणून रेती भरलेली पोती. मधोमध एक पोरगी उभी राहून खालच्या बाजूनं हात फिरवून बॉल फेकते, ती पिचर. समोर दुसरी दांडकं घेऊन उभी असते आणि तिच्या मागं उकिडवी बसून बॉल अडवते ती कॅचर. मापात आलेला बॉल दांडक्याला लागला नाही की स्ट्राइक, आणि तीन स्ट्राइकला मारणारी बाद. पिचरनं वेडावाकडा टाकला तर तो चुकीचा बॉल. असे चार पडले की मारणारी फुकटात पहिल्या पोत्यावर जाते. सगळ्या पोत्यांवर आधीच पोरी उभ्या असल्या तर एकीनं दुसरीला ढकलत शेवटची घरात, म्हणजे मारणारीच्या जागी, येते, आणि समोरच्यांना एक रन मिळतो. एवढं सरांनी मला समजावलं. मी म्हटलं, बरं, मग यात पळापळ करायची कशाला?

तेवढ्यात ती फेकायला आली.

उंच, काळीसावळी, भावाची असावी अशी ढगळ पँट आणि वर परकराच्या नाडीनं करकचून बांधलेला शर्ट. तिनं उजवा हात खांद्यातून गरकन फिरवला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि सोडला. मला बॉल दिसलाच नाही. फट् असा आवाज तेवढा आला. मागं बसलेली कॅचर हात झटकत ओरडली, "या अल्ला, हाथ सुन्न हो गया रे मेरा!" दांडकं घेतलेली पोरगी अजून तशीच उभी होती.

"हे काय होतं?" मी विचारलं.

"गोफण," सर म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले.

लातूरच्या अलीकडल्या एका खेड्यातली ती पोरगी. घर बौद्धवाड्यात. भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर, तिच्याखाली पोरीचं दहावीचं पास झालेलं प्रगतिपत्रक खिळ्याला टांगलेलं. बाप नव्हता. आई रोजानं जायची. पोरीला पुढं शिकायचं होतं, पण लातूरला राहायचं कुठं आणि खायचं काय, म्हणून घरी बसलेली. ज्वारीच्या दिवसांत ती लोकांच्या रानात राखणीला जायची. सरांची एसटी तिच्या गावाजवळ पंक्चर झाली, सर उतरून पाय मोकळे करत होते, आणि राखणीच्या माळ्यावर उभी राहून ती गोफण फिरवत होती. लांबच्या कणसावरचा पोपट उठला, कणीस काही हललं नाही. सर एसटी सोडून रानात घुसले. तिला वाटलं, मास्तर हुरडा मागायला आला.

सरांनी तिला एवढंच सांगितलं होतं, गोफण फिरवतेस तसा नुसता हात फिरव. तिनं फिरवला. बास.

मी नाही म्हणायला गेले होते. येताना सरांना विचारलं, पुढचा सामना कधी आहे?

मग आमची वरात सुरू झाली. उदगीर, अहमदपूर, निलंगा, जिथं कुठं शाळेचं मैदान मिळेल तिथं. आयोजक आधीच निरोप द्यायचे, खेळायला या, पण आपापलं पाणी घेऊन या. एकेका पोरीच्या हातात एकेक कॅन, त्यावर तिच्या घराची खूण, आणि त्यावरून एसटीत कंडक्टरशी माझं भांडण. काळ्या जमिनीची मैदानं उन्हानं अशी तडकलेली, की अहमदपूरला बॉल सरळ भेगेत गेला. आमच्या पोरी उपड्या पडून कोपरापर्यंत हात घालून तो शोधतायत, आणि समोरची पोरगी आरामात चालत सगळी पोती फिरून घरात पोचली! मी पंचाला म्हटलं, अहो, जमिनीनं बॉल गिळला, यात आमच्या पोरींचा काय गुन्हा? पंच सरांचे मित्र, मूळचे कबड्डीचे. ते म्हणाले, बाई, पुस्तकात भेगेचं काही लिहिलं न्हाई.

पण बॉल मारला तर भेगेत जाणार ना! आमची पोरगी मारूच देत नव्हती. उदगीरला बायका डोक्यावर पदर घेऊन बघायला यायच्या आणि कन्नडात ओरडायच्या. काय ओरडतात कळायचं नाही, पण मीही त्यांच्याबरोबर ओरडायचे. सोमवारी हापिसात गेले की घसा बसलेला असायचा. हेडक्लार्क विचारायचा, "काय मॅडम, पोरी जिंकल्या का तुम्ही?" मी म्हणायचे, तुमच्या फायली जिंकल्या, घ्या.

खोटं कशाला सांगू, मला वेड लागलं होतं. तिचा हात वर गेला की माझं सुरू व्हायचं. एक, दोन, सोड. मी ओठातल्या ओठात मोजायचे. घरी पोळ्या लाटतानाही मोजायचे. पुढं पुढं तर दुसऱ्या गावांच्या पिचर तिची नक्कल करायला लागल्या. त्याही तीन-तीन वेळा हात फिरवायच्या, एकीनं तर पाच वेळा फिरवला आणि चक्कर येऊन बसली खाली. साऱ्या नव्या जिल्ह्यात पिचिंग म्हणजे हेच, असं ठरून गेलं.

कॅचर लातूरच्या एका शिंप्याची मुलगी. तिच्या वडिलांनी जुनी गादी कापून तिला छातीला बांधायचं कवच शिवून दिलं होतं. ही दोघींची जोडी मोठी मजेची. एक सगळ्या गावाला पुरेल एवढी बोलायची, दुसरी तोंडात मूग धरून बसायची. कॅचर म्हणायची, "बाई, ये लडकी पत्थर खाती क्या घर में?" आणि आमची ही हळूच म्हणायची, "न्हाई गं, फुटानं."

दुसऱ्या वर्षी पाऊस आलाच नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. मांजरेच्या पात्रात लोक झरे खोदून वाटीनं पाणी भरत होते. ज्वारी पेरलीच गेली नाही, मग पाखरं कशाला येतील, आणि राखण कशाची? सगळं गाव रोजगार हमीच्या कामावर, रस्त्यासाठी खडी फोडायला. ती आणि तिची आईही.

आणि त्याच वेळी निरोप आला. नांदेडला मराठवाड्यातल्या सगळ्या जिल्ह्यांचे सामने, तिथूनच राज्याच्या संघासाठी निवड. एकोणीस वर्षांच्या आतल्या मुली. निवड झालेल्यांना औरंगाबादला खेळाडूंच्या वसतिगृहात ठेवणार. राहणं, दोन वेळचं जेवण, कॉलेज, सगळं तिथं. सरांनी हे मला सांगितलं आणि आम्ही दोघांनी आधी तिचं वय मोजलं. तिला त्या उन्हाळ्यात एकोणीस पूर्ण होणार होती. म्हणजे हीच एक खेप. पुढच्या वर्षी तिनं विजेसारखा बॉल टाकला तरी कुणी विचारणार नव्हतं.

मी स्वतः तिला सांगायला गेले. उन्हात रस्त्याच्या कडेला बायांची लांबच लांब ओळ, डोक्यावर तरटाचा आडोसा, समोर दगडांचे ढीग. ती आईशेजारी बसली होती. हातोडा डाव्या हातात.

"डावखुरी कधीपासून झालीस गं?"

ती लाजली. आईच वैतागून म्हणाली, "बगा की बाई! उजवा हात खेळायचा हाय म्हनं. डाव्यानं फोडून राहिली. मुकादम वरडतोय, ढीग हुत न्हाई, समद्या बाया हसायल्यात. तुमीच लावलंय हे खूळ तिच्या डोस्क्यात."

डाव्या हाताची बोटं फुटली होती, त्यांवर चिंध्या गुंडाळल्या होत्या. उजवा हात पदरात झाकून ठेवलेला, जशी काही मांडीवर झोपलेली तान्ही पोर. मी तिला वसतिगृहाचं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "कॉलेजबी तितंच, बाई?"

"हो. तिथंच."

"मंग येते मी," ती म्हणाली. जसं काही जायचं की नाही हे तिच्याच हातात होतं!

परत येताना माझे डोळे भरून येत होते. मी मनातल्या मनात माहूरच्या रेणुकाआईला नवस बोलले, ही पोरगी निवडून आली तर तुझ्या पायऱ्या अनवाणी चढीन आणि खणानारळानं ओटी भरीन. पुढच्या खेपेला तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बाई, आमच्यात नवस करत न्हाईत. तुमी करा, मी फेकते. दोनीपैकी कायतरी लागंल." पोटात अन्न नाही, पण जीभ बघा!

नांदेडला आम्ही एका शाळेच्या वर्गांत उतरलो. गोदावरीला नावापुरतं पाणी, बाकी सगळी वाळू. पण मैदान बघून आमच्या पोरी दबून गेल्या. खऱ्या कापडाचे पांढरे बेस, बघायला मंडप, खुर्च्या, त्यात निवड करणारे तीन गृहस्थ टोप्या घालून बसलेले. आणि पंच आमचे कबड्डीवाले नव्हते. अमरावतीकडून आलेले, पँट-शर्ट कडक इस्त्रीचा, बोलणं हळू.

पहिला सामना परभणीशी. आमची पोरगी मधे जाऊन उभी राहिली. मी मंडपातल्या त्या तिघांकडं बघत होते, त्यांची तोंडं बघायची होती मला. तिनं हात फिरवला. एक, दोन, सोड. फट्! दांडकं हललंसुद्धा नाही. तिघांपैकी एक जण खुर्चीत पुढं सरकला. मी म्हटलं, झालं! आई रेणुके, येतेच बघ तुझ्याकडं.

आणि पंचानं डावा हात आडवा लांब केला.

आम्हाला वाटलं काहीतरी चुकून. तिनं दुसरा टाकला, पहिल्यापेक्षा जोरात. पुन्हा हात आडवा. तिसऱ्या खेपेलाही तेच. सर धावत आत गेले. मी लांबून बघत होते. पंच हळू आवाजात काही सांगत होते आणि स्वतःचा हात खांद्यातून एकदा फिरवून दाखवत होते. एकदाच. सरांचा चेहरा मला अजून दिसतो. भर उन्हात कुणी अंगातलं रक्त काढून घ्यावं तसा.

मला राहवलं नाही. छत्री तशीच उघडी घेऊन मी मैदानात शिरले. "काय चुकलं तिचं? एवढा चांगला बॉल पडला!"

"बाई, हात एकदाच फिरवता येतो," पंच म्हणाले. "एका चकरीपेक्षा जास्त फिरवला तर तो चुकीचा बॉल धरतात. नियम आहे."

"कुणी केला नियम? आमच्याकडं सगळ्या असाच टाकतात!"

"तेच तर मला समजेना," ते म्हणाले, आणि खरंच दुःखी आवाजात म्हणाले. "तुमच्या जिल्ह्यात हे कुणी सांगितलं नाही?"

कोण सांगणार? सर एका शिबिराला जाऊन आले होते, तिथं शिकवणाऱ्यानं हात असा गोल फिरवायचा म्हणून दाखवला. किती वेळा, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येईल? सरांनी तेच आपल्या पंचांना शिकवलं, पंचांनी तेच चालवलं, आणि पोरगी गोफणीचा हात घेऊनच जन्माला आलेली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! पण मी तेव्हा हा विचार केला नाही. मी पंचांना नाही नाही ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि नमस्कार करून मला बाहेर जायला सांगितलं.

ती मधे तशीच उभी होती. सर तिच्याजवळ गेले. तिनं ऐकलं, मग लांबून माझ्याकडं बघितलं, पुन्हा सरांकडं. तिथं गडबड नव्हती, म्हणून मला स्पष्ट ऐकू आलं.

"एकच चक्कर? मंग आदी सांगायचं न्हाई का कुनी?"

रागानं नाही म्हणाली. नुसतं विचारलं. सरांनी बॉल उचलून तिच्या हातात दिला.

मग ती एका चकरीनं टाकायला लागली आणि बघवेना. गोफण ज्यांनी फिरवली नाही त्यांना नाही कळायचं. पहिल्या दोन चकरा हात मोकळा करायला असतात, तिसरीला दगड कुठं सोडायचा ते अंगच सांगतं. तिच्या अंगाला ते तिसरीलाच ठाऊक. एका चकरीत हात आंधळा झाला. एक बॉल कॅचरच्या डोक्यावरून, दुसरा तिच्या पायाशी मातीत, तिसरा भलतीकडंच. कॅचर डावीकडं झेप घे, उजवीकडं लोळ, गुडघे फोडून घेऊन एकेक अडवत होती आणि ओरडत होती, "आने दे, मैं हूं ना! तू बस फेक!" परभणीच्या पोरी दांडकं खांद्यावर टाकून फुकटात पहिल्या बेसवर जात होत्या. मंडपातले तिघं आपसात बोलत होते. आम्ही हरलो.

दुसरा सामना दुसऱ्या दिवशी दुपारी, बीडशी. सकाळी मी पोरींना घेऊन गोदावरीच्या वाळूत गेले. ती टाकत होती, कॅचर अडवत होती, आणि मी शेजारी उभी राहून म्हणत होते, "एक, सोड. एक, सोड." पहिले पहिले सगळे वाया. मग एखादा बसायला लागला. मग दोनांतला एक. तिच्या कपाळावरून घाम निथळत होता, ओठ कोरडे पडलेले, पण ती थांबायला तयार नव्हती. मी कॅन पुढं केला तर म्हणाली, "र्‍हाऊ द्या बाई, आता हाताला समजून राहिलं, मधीच पानी पाजू नका त्याला."

दुपारी तिनं बरं टाकलं. खरं सांगते, बरं टाकलं. काही वाया गेले, पण काही असे बसले की त्या टोपीवाल्यानं दुसऱ्याच्या गुडघ्यावर थाप मारली. आम्ही एका रननं पुढं होतो, बरोबरी झाली, आणि शेवटच्या डावाला येऊन ठेपलं. बीडच्या दोघी बाद झालेल्या, आता त्यांची शेवटची पोरगी मारायला. तिला बाद केलं की सामना लांबतो, आणि आमची मारणारी फळी मागं उभीच. सगळ्या बेसवर बीडच्या पोरी. आमच्या पोरीनं दोन स्ट्राइक टाकले. मग तीन वाया गेले. म्हणजे आता एकच बॉल. बसला तर पोरगी बाद, नाही बसला तर चौथा चुकीचा, आणि बीडची एक घरात, सामना त्यांचा.

सर शिट्टी दातात धरून चावत होते. मी माहूरच्या आईला हाका मारत होते. एक, सोड, बाई माझी. एक, सोड.

तिनं डोळे मिटले, उघडले. हात वर गेला. खाली आला. आणि थांबला नाही. पुन्हा वर गेला. तिलाही ते कळलं असावं, कारण तिचं तोंड उघडलं, पण हात तिचं ऐकतच नव्हता. मग तो बॉल सुटला. दोन वर्षांत तिनं तसला बॉल टाकला नव्हता. बीडच्या पोरीनं जिवाच्या आकांतानं दांडकं फिरवलं ते वाऱ्याला लागलं. फट्! कॅचर उठून नाचायला लागली, आमच्या पोरी ओरडत आत धावल्या. मीही धावले.

मी निम्म्या वाटेवर असताना पंचांचा डावा हात आडवा झालेला दिसला.

ती रडली नाही. ती तिथंच खाली बसली, आणि उजव्या हाताच्या मनगटावर डाव्या हातानं चापट मारली. मग आणखी एक मारली. लेकराला मारावं तशी, जोरात. मी जाऊन तिचे दोन्ही हात धरले तेव्हा कुठं ती थांबली.

संध्याकाळी निवड वाचून दाखवली. आमच्या जिल्ह्यातली एकच पोरगी होती. कॅचर. तो टोपीवाला म्हणाला, इतके वाकडेतिकडे बॉल अडवणारी पोरगी आम्ही अजून पाहिली नव्हती. कॅचर ऐकून हसली नाही. आमचीनंच तिला मिठी मारली आणि म्हणाली, "बघ, माझे वाकडे तरी कुनाच्या कामी आले." मग त्या दोघी पोरी अशा काही रडल्या, की मंडपवाला खुर्च्या उचलायचा थांबला. मी त्या टोपीवाल्याकडं गेले. भांडायला नाही, मागायला गेले. तिला फक्त नियम ठाऊक नव्हता, एक महिना द्या, म्हटलं. माझ्या जन्मात मी कुणापुढं तशी पदर पसरून उभी राहिले नव्हते. ते म्हणाले, हात आहे हो तिचा, पण पुढच्या वर्षी वय बसत नाही ना.

माहूरला मी त्यानंतर गेले नाही. माझी आई म्हणायची, देवीवर कसला राग धरायचा? मी म्हणायचे, राग नाही, पण जाऊन बोलू काय?

नांदेडहून आल्यावर सर कितीतरी दिवस हापिसाकडं फिरकले नाहीत. ऊन चढत गेलं, टँकर येत गेले. एका रविवारी मीच त्या रस्त्याच्या कामावर गेले. का गेले कुणास ठाऊक, सोबत फुटाणे नेले होते. तीच ओळ, तरटाचे तेच आडोसे, ढीग तेवढे पुढं सरकलेले. मला बघून ती उठली. वाळली होती, पण हसली.

"बाई, थांबा. दाखवते."

लांब, रस्त्याच्या पलीकडं, डांबराचं एक रिकामं पिंप आडवं पडलं होतं. तिनं ढिगातला एक दगड उचलला. हात खांद्यातून फिरवला, एकदाच, आणि सोडला. ठण्! दुसरा उचलला. एक, सोड. ठण्! तिसरा, चौथा, सगळे त्याच जागी, एकाच चकरीत, पिंपाला तिथं पोचा पडेपर्यंत. बाया हातोडे थांबवून बघत होत्या. तिची आईही हातोडा मांडीवर ठेवून बघत होती.

"बसला बगा हात," ती धापा टाकत म्हणाली. "रोज जेवायच्या सुट्टीत टाकत हुते. आता एकबी वाया जात न्हाई. आता बोलवा की त्या टोपीवाल्यांना, बाई."

मी कुणाला बोलावणार होते? मी फुटाण्यांची पुडी तिच्या पुढं धरली. पलीकडून मुकादम ओरडला, खडी फोडायला आलाय का फेकायला? ती "हाव, आले" म्हणाली, जाऊन आईशेजारी आपल्या ढिगापुढं बसली, पदर खोचला, आणि हातोडा उचलला. उजव्या हातानं.